पोटावरची पाठ

बाळाच्या कपाळाला कुंकू लावायला पूर्णिमा वाकली आणि तिचं बोट भुवईवर टेकलं. तिनं ते उचलून पुन्हा नेलं, तर या वेळी नाकाच्या शेंड्यावर. बाळाला गंमत वाटली, ते खुदकन हसलं. पण बाळाच्या आईच्या, स्वानंदीच्या, बैठकीच्या खोलीत, सोफे भिंतीला सरकवून मधे पाट मांडला होता तिथं, सगळ्यांच्या नजरा त्या बोटावर खिळल्या. जावळाचा कार्यक्रम होता. बाळाचा मामा पुण्याहून स्क्रीनवर हजर होता, त्यामुळे मांडी द्यायला पूर्णिमाचा नवरा सलील बसला होता. गॉलवे या आयरिश गावातल्या शॉप स्ट्रीटजवळच्या दुकानातला तुर्की न्हावी मशीन पुसत उभा होता आणि आपण नक्की कसल्या कामाला आलोय हे त्याला अजून उमगलेलं नव्हतं. "ताई, थंडी वाजतेय का? हीटिंग वाढवू?" स्वानंदीनं विचारलं. "हो, जरा वाढव," पूर्णिमा म्हणाली. खोली इतकी तापली होती की काचांवर वाफ धरली होती. तिनं उजवा हात पदरात घेतला. पदराखालीही तो हलतच राहिला, पोटाशी धरलेल्या सशाची छाती उडावी तसा. तिच्या सासूबाई, प्रभाताई, आठवड्यापूर्वीच नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. पदराकडे बघत होत्या.

न्हाव्यानं मशीन चालवलं, ताटात काळं, मऊ जावळ साचलं, आणि निघताना स्वानंदीनं आठवणीनं त्यातली बट एका डबीत घालून पूर्णिमाला दिली. ती तिनंच आधी मागून ठेवली होती. त्यावरून सकाळपासून हशा चालला होता की या बाईला करणी बिरणी करायची आहे की काय. खरं कारण सांगायला लागलं की लोक कंटाळत. ती प्राण्यांच्या भ्रूणांवर काम करी आणि त्या कामात मोठ्या माणसाचा केस दोरखंडासारखा जाड पडतो. तान्ह्या बाळाचा चालतो. काचेच्या बारीक नळीच्या टोकाला त्याचा फास चिकटवला की मोहरीएवढा भ्रूण त्यानं लोटता येतो, धरता येतो, कापताही येतो. शंभर वर्षं ही युक्ती चालत आली आहे आणि तिच्याहून बरं हत्यार अजून कुणी केलेलं नाही. गाडीत ती डबी मांडीवर घेऊन बसली. सलीलनं एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "कधीपासून?" त्यानं विचारलं. "दिवाळीच्या आसपास," ती म्हणाली. मागच्या सीटवरून रेवानं, त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीनं, कानातला इअरफोन काढला. "मम, यू शुड हॅव सेड." पूर्णिमानं डबीचं झाकण दाबून घट्ट बसवलं. काय सांगायचं होतं? की चहाचा कप बशीवर वाजतो? ते कुणालाही चाललं असतं. सलीलच्या कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या बनत, तिथं हजार माणसांचे हात थरथरले तरी यंत्रं थरथरत नव्हती. तिचं सगळं आयुष्य मात्र त्या एका हाताच्या बोटांवर उभं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली हात ठेवला की केसाएवढी थरथरही भूकंपासारखी दिसते. तिनं गेल्या महिन्यात ती पाहिली होती आणि दिवा बंद करून नुसतीच बसून राहिली होती.

विद्यापीठात ती भ्रूणशास्त्र शिकवत असे. फर्गल, विभागप्रमुख, मनानं चांगला माणूस. त्यानंच दिवाळीआधी विषय काढला होता, की त्या जर्मन बाईच्या शोधनिबंधाला येत्या वर्षी शंभर वर्षं होतात, तर मे महिन्यात एक जाहीर व्याख्यान ठेवू, तू बोल. बैठकीत कुणीतरी जुन्या आकृत्यांच्या स्लाइड्स सुचवल्या. आणि पूर्णिमा, जी बैठकीत सहसा तोंड उघडत नसे, म्हणाली होती, "आकृत्या कशाला? मी तो प्रयोग करून दाखवते. जिवंत." फर्गल हसला होता. "हातानं आता कुणी करत नाही गं, पूर्णिमा. बट फेअर प्ले टू यू." इथली शाबासकी अशीच असते. पुढच्या वर्षी तिची ती खोली दुसऱ्या गटाला जाणार होती, तिथं भ्रूणात सुई खुपसणारा यांत्रिक हात बसायचा होता. हे सगळं ठरल्यावर, दोन आठवड्यांनी, पहिल्यांदा पेन्सिल हातातून निसटली.

ती जर्मन बाई म्हणजे हिल्डे. पूर्णिमा तिला मनात नावानंच हाक मारी, कारण पुण्यात एम.एस्सी.ला गुरुनाथ सरांनी तिची ओळख करून दिली होती ती एखाद्या मावसबहिणीची करून द्यावी तशी. सर खडूनं फळ्यावर एक गोल काढायचे, त्याला एक चीर, चिरेच्या वरच्या कडेला ओठ. "हा वरचा ओठ," ते म्हणत, "याचा कण हिनं काढला आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. त्या पोटाच्या पेशींचं सगळं ठरलेलं होतं बरं का. त्यांनी पोटाची कातडी व्हायचं. पण शेजारी कोण येऊन बसलं बघा, आणि त्यांनी बेत बदलला. तिथं दुसरी पाठ उगवली. दुसरा कणा. पोटावर पाठ." मग खडू खाली ठेवून ते हात झटकत आणि उरलेली गोष्ट हळू आवाजात सांगत. गोथा नावाच्या गावची मुलगी. फ्रँकफर्टला श्पेमान या मोठ्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकलं आणि त्यांच्यामागं फ्रायबुर्गला गेली. आधी मिळालेला विषय फसला, म्हणून हा मिळाला. न्यूट नावाचा प्राणी, पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला. त्याची अंडी वसंतातच मिळतात. वसंत संपला की वर्षभर हात चोळत बसायचं. फिकट अंड्याचा ओठ, गडद अंड्याचं पोट, म्हणजे कोणती पेशी कुठली ते रंगावरून कळावं. भ्रूणांमागून भ्रूण मेले. जंतूंना मारायचं औषध त्या काळी नव्हतं. मोजके जगले. ते पुरे झाले. निबंध छापताना गुरूंचं नाव आधी लागलं, तिचं नंतर. तोवर तिचं लग्न झालं होतं, मूल झालं होतं, ती बर्लिनला गेली होती. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडाला आणि ती भाजून गेली. पंचवीस वर्षांची. गुरूंना पुढं नोबेल मिळालं, याच शोधासाठी. एवढं सांगून सर फळा पुसत. पूर्णिमाला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटे, की तिच्या मरणापेक्षा तिचे वसंत सांगायला हवेत. खिडकीशी वाकलेली ती मुलगी, बाहेर सगळं गाव फुललेलं, आणि हिचा श्वास रोखलेला, कारण श्वासानंही सुई हलते. ते सुख कुणी सांगत नाही. पूर्णिमाला ते माहीत होतं. तिच्या पहिल्या यशस्वी कलमाच्या दिवशी ती पुण्याच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली होती आणि रस्ता ओलांडताना आपण गात आहोत हे तिला एका रिक्षावाल्याच्या हसण्यावरून कळलं होतं.

मार्चच्या सुरुवातीला ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरबाई तरुण, ठिपक्याठिपक्यांचा चेहरा, बोलणं गाण्यासारखं. त्यांनी तिला चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, पेला धरायला लावला, आणि मग एक कोरा कागद पुढं सरकवून म्हणाल्या, गोगलगाय काढा, मधून सुरू करून बाहेर बाहेर. उजव्या हाताची गोगलगाय करवतीच्या दात्यांसारखी निघाली. "आता डाव्यानं." पूर्णिमानं डाव्यानं काढली. रेघ मधून निघाली आणि एका दमात, गुळगुळीत, फिरत फिरत कागदाच्या कडेला जाऊन थांबली. डॉक्टरबाईंनी कागद उचलून पाहिला. "तुम्ही डावखुऱ्या आहात?" "नाही," पूर्णिमा म्हणाली. "ही रेघ उजव्या हाताच्या माणसानं डाव्यानं काढलेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की हा मोठा आजार नव्हे, काही माणसांच्या हाताला वयानुसार कंप सुटतो, बहुधा एका बाजूला जास्त. त्यावरची नेहमीची गोळी पूर्णिमाला दम्यामुळे चालणार नव्हती. "अदरवाइज," त्या म्हणाल्या, "यू आर ग्रँड." म्हणजे बाकी तब्येत ठणठणीत. पूर्णिमा गाडीपर्यंत आली, पण गाडी सुरू न करता बसून राहिली. काचेवर बारीक पाऊस पडत होता, पडत होता म्हणजे नुसता लोंबत होता. आणि त्या करड्या काचेतून मिरजेचं घर वर आलं. ओटीवर बसलेली आई, नंदा तिचं नाव, शाळेत शिक्षिका. समोर पाटी. चार वर्षांची पूर्णिमा डाव्या हातात पेन्सिल घेते आणि आई ती हळूच काढून उजव्यात देते. पुन्हा डाव्यात. पुन्हा उजव्यात. मग एक दिवस आईनं आपला मऊ रुमाल घेतला आणि डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून टाकला. घट्ट नाही, प्रेमानंच. "प्रसाद कुठल्या हातानं घेतात, बाळ?" किती दिवस तो बांधला होता कोण जाणे. एक दिवस रुमाल सोडला तरी हात तिथंच राहिला, बांधल्यासारखा. आईनं लाडू दिला होता. पूर्णिमाला लाडवाची चव आठवली, पण आपण डावखुऱ्या होतो हे मात्र ती इतकी वर्षं पार विसरून गेली होती. एवढं मोठं काही माणूस विसरू शकतो याचं तिला भय वाटलं. मग, त्याच गाडीत, भयाच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. ते काय होतं हे तिला लगेच ओळखू आलं नाही, कारण बऱ्याच दिवसांत ते तिच्याकडे आलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती डाव्या हातानं जेवली. वरणभात ताटाबाहेर सांडला. रेवानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. प्रभाताईंनी मात्र घास खाली ठेवला. "काय करून राहिली वं पूर्णिमा? डाव्या हातानं जेवून राहिली का तू?" "हो आई. सवय करतेय." "कायले पण? देवानं उजवा देल्ला ना." "तो थरथरतो आई. मला सुई धरायचीय." दुसऱ्या दिवसापासून प्रभाताई आधी जेवून घेऊ लागल्या, सुनेसमोर बसणं त्यांना जमेना. पूर्णिमाला वाईट वाटलं आणि तरी ती थांबली नाही. दात घासणं, भाजी चिरणं, रांगोळी, दाराच्या किल्ल्या. विद्यापीठात दार लावून ती जिलेटिनच्या थेंबात रंगाचे कण एका जागचे दुसऱ्या जागी हलवत बसे. डावा हात मूर्ख होता, घाबरट होता, पण स्थिर होता. कुणीतरी अंधारातून बोलावून आणलेल्या माणसासारखा तो उजेडात डोळे मिचकावत होता. कधी कधी तिला त्याचा राग येई, आणि मग लक्षात येई की हा राग खरं तर त्याच्यावरचा नाही. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. रागवायचं तरी कुणावर. रुमाल मऊ होता.

एप्रिलमध्ये न्यूट पाण्यात उतरले. आयर्लंडात न्यूटची ही एकच जात, आणि हिल्डेनं ज्याच्या पोटावर दुसरी पाठ उगवून आणली तो नेमका हाच. हे पूर्णिमाला इथं आल्यावर कळलं होतं तेव्हा आपण योग्य देशात आलो असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं. प्राणी संरक्षित, म्हणून परवाना काढलेला होता. गावाबाहेर मार्टिन नावाच्या म्हाताऱ्याच्या शेतात चुनखडीच्या खड्ड्यात तळं होतं. रेवाबरोबर प्रभाताईही त्या दिवशी गाडीत बसल्या, घरात कंटाळल्या होत्या. मार्टिननं काठी टेकत त्यांना तळं दाखवलं आणि गंभीरपणे बजावलं की यांच्या आसपास कुणी झोपलं तर तोंड मिटून झोपावं, नाहीतर हा प्राणी घशातून आत शिरतो आणि माणसाचं सगळं अन्न खातो. रेवानं ते आजीला मराठीत सांगितलं, तिला यायचं तसं मोडकं. प्रभाताई म्हणाल्या, "त्याले म्हणा, आमच्या गावी अशे लय हायेत, पण ते दोन पायाचे." मार्टिनला ते भाषांतर होऊन पोचल्यावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. पूर्णिमा गुडघ्यापर्यंतच्या बुटांत पाण्यात उभी होती. न्यूटची मादी एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानात ठेवते आणि मागच्या पायांनी पान दुमडून बंद करते, विड्यासारखं. असे विडे शोधत तिची बोटं पाण्यात फिरत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मागून सासूबाईंचा आवाज आला, "पोरी, कोणत्या हातानं वेचून राहिली पाह्य जरा." तिनं पाहिलं. डाव्यानं. तिनं ठरवलेलं नव्हतं. प्रभाताई काठावर उकिडव्या बसल्या होत्या. "माह्या भावाचा बी असाच हात बांधला होता," त्या म्हणाल्या. "मग तो अडखळत बोलू लागला. लय दिवस." एवढंच. त्या रात्री त्या सुनेसोबत जेवायला बसल्या.

फिकट अंडी प्रयोगशाळेतल्या हौदातून आली, ॲक्सोलॉटल नावाच्या मेक्सिकोकडच्या पांढऱ्या प्राण्याची. पहिले आठवडे सगळं मेलं. कधी अंड्यावरचं आवरण सोलतानाच भ्रूण फुटून दुधासारखा पसरला. कधी ओठाचा कण निघाला पण पोटाच्या चिरेत बसेना, निसटून पाण्यात तरंगत राही. कधी बसला, जखम मिटली, आणि सकाळी बशीत नुसता करडा गाळ. फर्गल एकदा दारात येऊन उभा राहिला. "नुसत्या स्लाइड्सही चालतील हं," तो म्हणाला. "कुणी नावं ठेवणार नाही." तो अगदी मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच तिला त्याला हाकलता आलं नाही. "मेच्या मध्यापर्यंत थांब," ती म्हणाली. तो गेल्यावर ती खुर्चीत मागं रेलली. आपण हे कुणासाठी करतोय, असं तिच्या मनात आलं. हिल्डेसाठी नव्हे, हिल्डेला आता काही नको होतं. आईवर सूड म्हणूनही नव्हे. तिला तो क्षण परत हवा होता, एवढंच. तो रस्ता ओलांडतानाचा. पन्नाशी उलटल्यावर असा क्षण मागणं शोभतं का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि उत्तराची वाट न बघता पुढची बशी ओढली.

त्या दिवशी ऊन होतं. गॉलवेत असं ऊन पडलं की लोक कामं टाकून समुद्रावर जातात, आणि मजल्यावर ती एकटीच उरली होती. उजवा हात तिनं नेहमीसारखा मांडीखाली घेतला नाही. तो बशीची कड धरून बसला, जड, थरथरता, पण मदतीला आलेला. डाव्यात बाळाच्या केसाचा फास. खाली तपकिरी गोळा, मेणाच्या खळग्यात. काचेच्या सुईनं पोटाकडे चीर दिली. पांढरा कण फासानं लोटत आणला, चिरेच्या तोंडाशी. तिथं ती थांबली. श्वास बाहेर सोडून, तो परत घ्यायच्या आधी जी पोकळी असते तिच्यात हात गेला आणि कण आत बसला, जणू त्याची जागा तिथंच होती. वर काचेचा बारीकसा पूल ठेवून तिनं तो दाबला. मग तिला कळलं की आपण सुई बदलताना, फास बदलताना, एकदाही डाव्याला काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी जखम मिटली होती. दुसऱ्या दिवशी भ्रूण गोलच होता. त्यानंतरच्या दिवशी त्याच्या पाठीवर, नेहमीच्या जागी, दोन वळ्या उठल्या, मेरुरज्जूच्या. तिनं बशी हळूच फिरवली. भ्रूण आपल्या आवरणात कलंडला आणि पोट वर आलं. पोटावर दोन वळ्या होत्या. तपकिरी, त्यांच्या मधून पांढरी रेघ. पूर्णिमानं डोळा भिंगावरून उचलला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा टेकवला. होत्या. ती जिन्यानं खाली उतरली, नदीच्या पुलापर्यंत चालत गेली आणि कठड्याशी उभी राहून सलीलला फोन लावला. "आलं," ती म्हणाली. "काय आलं?" "पोटावर पाठ आली, सलील." पलीकडे कारखान्याची घरघर होती. मग तो म्हणाला, "थांब तिथंच. मी येतो." पुलाखालून नदी समुद्राकडे इतक्या जोरात चालली होती की तिला स्वतःचं रडणं ऐकू आलं नाही. ती मोठ्यानं रडली, मजेत.

व्याख्यानाला सभागृह भरलं. विद्यार्थी होते, मार्टिन टाय लावून आला होता, स्वानंदी बाळाला घेऊन दाराजवळ बसली होती, वेळ पडली तर पळता यावं म्हणून. पहिल्या रांगेत प्रभाताई काठाच्या साडीवर रेवाचं जाड जाकीट घालून बसल्या. परवा त्यांचं विमान होतं. पूर्णिमानं सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा सुरू केला आणि भिंतीभर तो भ्रूण उगवला. लांबट झाला होता आता, शेपूट धरलेलं, डोळ्यांचे फुगवटे आलेले. आणि त्याच्या पोटाला चिकटून दुसरा, जरा लहान, अर्धवट डोक्याचा, पण स्वतःचा कणा, स्वतःचं शेपूट असलेला. तिनं सांगायला सुरुवात केली. हिल्डे प्रोशोल्ट, गोथा गावची. तिनं मरण शेवटी नाही सांगितलं. आधीच सांगून टाकलं, एका वाक्यात, आणि मग फ्रायबुर्गच्या वसंतांवर आली. हिल्डेची पिल्लं इतकी मोठी होऊ शकली नव्हती, ती म्हणाली, आज आपल्याकडे औषधं आहेत म्हणून आपण तिच्या पुढचं बघतो आहोत. तेवढ्यात भिंतीवरचा धाकटा थरारला. थोरला स्वस्थ होता. धाकट्यानं एकट्यानं अंग वळवलं, डावीकडे, मग सरळ झाला. "अवं, हाललं ना ते," प्रभाताई मोठ्यानं म्हणाल्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. रेवा उभी राहिली. "माय ग्रॅन सेज इट मूव्ह्ड," ती मागच्या रांगांना म्हणाली. मग आजीकडे वाकून, शुद्ध नसलं तरी मराठीत, तिनं आणखी काही सांगितलं. प्रभाताई मान डोलावत राहिल्या.

टाळ्या थांबायला वेळ लागला. फर्गल भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात डोक्यावर ठेवून, संघानं शेवटच्या मिनिटाला गोल केल्यावर ठेवतात तसे. मागून एका मुलीनं विचारलं, यातला पांढरा भाग नेमका कुठं संपतो आणि तपकिरी कुठं सुरू होतो? पूर्णिमानं टेबलावरचा लेझर उचलला आणि भिंतीवर रोखला. लाल ठिपका भ्रूणाच्या कण्याभोवती नाचू लागला, वर, खाली, वर, सगळ्या सभागृहादेखत. तिनं उजव्या हातानं लेझर उचलला होता. काही लोकांनी नजर खाली वळवली. सलील पुढं सरकल्यासारखा झाला. पूर्णिमानं ठिपक्याकडे पाहिलं, तो कसा उड्या मारतोय ते जरा वेळ बघितलं, आणि तिला हसू आलं. "साधारण इथं," ती म्हणाली, "या बाजूचं सगळं दुसऱ्यानं दिलेलं, आणि त्या बाजूचं ह्याचं स्वतःचं." ठिपका नाचत राहिला. तिनं हात बदलला नाही.